‘उद्या करू’ म्हणणारा मेंदू

एखादे काम महत्त्वाचे आहे हे माणसाला पुरते ठाऊक असते, ते करायची इच्छा असते, हाताशी वेळ असतो आणि ते लांबवले तर नुकसान आपलेच आहे हेही कळत असते. तरी ते काम आज न होता उद्यावर का जाते? प्रबंधाचे शेवटचे प्रकरण महिनोन्‌महिने अडवून बसलेल्या संशोधकाला हा प्रश्न पडतो, सबमिशनच्या आदल्या रात्री जर्नल उतरवत बसलेल्या विद्यार्थ्याला पडतो आणि दाढदुखी अंगावर काढणाऱ्या गृहस्थालाही पडतो. घरोघरी याचे एकच उत्तर मिळते, आणि ते म्हणजे आळस. हे उत्तर चुकीचे तर आहेच, शिवाय ते अपायकारकही आहे, कारण ज्याला त्याच्या अडचणीचे कारणच उलटे सांगितले गेले आहे तो माणूस उपायही उलटेच करत राहतो. गेल्या तीन-चार दशकांत मानसशास्त्राने आणि मेंदूविज्ञानाने या प्रश्नाचा जो माग काढला आहे, त्यातून दिसणारे चित्र पुष्कळच वेगळे आहे.

१. चालढकल कशाला म्हणावे

प्रत्येक विलंब म्हणजे चालढकल नव्हे. पुरेशी ओल होईपर्यंत पेरणी थांबवणारा शेतकरी विचारपूर्वक थांबलेला असतो. घरात आजारपण आल्यामुळे परीक्षेचा अर्ज पुढच्या वर्षी भरणाऱ्या विद्यार्थिनीने कामांचा क्रम बदललेला असतो. कॅनडातील कॅल्गरी विद्यापीठाचे पिअर्स स्टील यांनी २००७ साली या विषयावरच्या तोवरच्या संशोधनाचा विस्तृत आढावा घेतला आणि त्यात जी व्याख्या मांडली ती पुढे बहुतेक अभ्यासकांनी स्वीकारली. तिचा आशय असा, की माणसाने एखादे काम करायचे ठरवलेले असते, ते लांबवल्याने आपले नुकसान होईल असे त्याला वाटत असते आणि तरीही, कोणाचीही सक्ती नसताना, तो ते लांबवतो. या तीन गोष्टी एकत्र आल्या तरच त्या विलंबाला चालढकल म्हणायचे.

आळस आणि चालढकल यांतला फरकही येथेच स्पष्ट होतो. आळशी माणसाला काम करायचेच नसते, त्यामुळे ते झाले नाही याची त्याला फारशी टोचणी लागत नाही. चालढकल करणारा मात्र त्या वेळात बहुधा रिकामा बसलेला नसतो. प्रबंध लिहायचा असतो त्या सकाळी तो पुस्तकांचे कपाट आवरतो, जुन्या मेलना उत्तरे देतो, स्वयंपाकघरातले डबे पुसून लख्ख करतो, आणि हे सगळे करताना मूळ काम त्याच्या मनात सतत खुपत असते. ज्यांच्यात ही सवय मुरलेली आहे अशा प्रौढांचे प्रमाण स्टील यांच्या आढाव्यात १५ ते २० टक्के इतके दिले आहे, आणि विद्यार्थ्यांमध्ये तर प्रसंगी चालढकल न करणारा सापडणेच कठीण.

२. माणूस कामापासून पळतो की कामाच्या विचारापासून?

बराच काळ चालढकलीकडे वेळेच्या नियोजनातला दोष म्हणून पाहिले गेले, आणि म्हणून वेळापत्रक, दैनंदिनी, कामांची यादी हेच उपाय सुचवले गेले. ही समजूत डळमळीत करणाऱ्या प्रयोगांपैकी एक डायन टाइस, एलन ब्रात्स्लाव्स्की आणि रॉय बाउमायस्टर यांनी २००१ साली प्रसिद्ध केला. त्याची रचना जरा बारकाईने पाहण्यासारखी आहे. सहभागी विद्यार्थ्यांपैकी काहींना आधी मन उदास होईल अशा प्रसंगाची कल्पना करायला लावली. मग सांगितले, की थोड्या वेळाने आकडेमोडीची चाचणी आहे आणि तिच्या सरावासाठी पंधरा मिनिटे मोकळी आहेत. खोलीत सरावाच्या साहित्याबरोबर वेळ घालवायची साधनेही ठेवली होती. काहींच्या खोलीत ती मजेदार होती, म्हणजे व्हिडिओ गेम, ताजी मासिके, कोडी. तर काहींच्या खोलीत कंटाळवाणी, म्हणजे जुनी तांत्रिक नियतकालिके आणि त्याच तोडीचे इतर काही. याशिवाय काही विद्यार्थ्यांना असे पटवून दिले होते, की पुढचा काही काळ त्यांची मनःस्थिती आहे तशीच गोठून राहील आणि काहीही केले तरी ती बदलणार नाही.

जे उदास होते, ज्यांच्यासमोर मजेदार साधने होती आणि आपली मनःस्थिती बदलू शकते असे ज्यांना वाटत होते, त्यांनी पंधरा मिनिटांतला जवळजवळ सगळा वेळ सराव सोडून इतर गोष्टींत घालवला. पण तेवढीच उदासी आणि तीच मजेदार साधने असूनही ज्यांनी ‘मनःस्थिती काही केल्या बदलणार नाही’ हे मानले होते, त्यांच्यात ही टाळाटाळ फारशी दिसली नाही. सरावाचे काम दोघांचेही सारखेच होते आणि वेळही सारखाच होता. फरक एवढाच, की एका गटाला टाळाटाळीतून दिलासा मिळण्याची आशा होती आणि दुसऱ्याला नव्हती.

यावरून निघणारा निष्कर्ष कॅनडाचे टिमोथी पिचिल आणि फ्युशिया सिरॉइस यांनी २०१३ साली सविस्तर मांडला. त्यांच्या मते चालढकल ही मुळात भावना सांभाळण्याची एक पद्धत आहे. काही कामांचा विचार मनात येताच कंटाळा, धास्ती, ‘आपल्याला हे जमणार नाही’ ही शंका, कधी नुसताच गोंधळ अशी एखादी नकोशी भावना उठते. काम बाजूला सारले की ती भावना तात्काळ ओसरते, आणि या क्षणीचे मन सांभाळण्यासाठी माणूस उद्याचे हित गहाण टाकतो. वेळापत्रके का फसतात हेही यावरून कळते. मंगळवारी सकाळी दहा वाजता काय करायचे ते वेळापत्रक सांगते, पण मंगळवारी सकाळी दहा वाजता पोटात जो गोळा उठतो त्याचे काय करायचे हे ते सांगत नाही.

हा दिलासा स्वस्तात पडत नाही. टाइस आणि बाउमायस्टर यांनीच १९९७ साली विद्यार्थ्यांच्या एका सत्राचा मागोवा घेतला, तेव्हा सत्राच्या सुरुवातीला चालढकल करणाऱ्यांवरचा ताण इतरांपेक्षा कमी आणि त्यांच्या आजारपणाच्या तक्रारीही कमी आढळल्या. सत्र संपताना मात्र दोन्ही वाढले, आणि पूर्ण सत्राचा हिशेब मांडला तर हेच विद्यार्थी अधिक आजारी पडले होते आणि त्यांचे गुणही कमी होते. ‘ताण आल्याशिवाय माझे काम चांगले होत नाही’ असे अभिमानाने सांगणाऱ्यांनी हा हिशेब पाहायला हवा.

३. कवटीच्या आत

आता ही नकोशी भावना मेंदूत कोठे उठते आणि तिला आवर घालणारे कोण, हे पाहता येईल. मेंदूच्या दोन्ही बाजूंना, कानशिलांच्या आत खोलवर, बदामाएवढा एकेक पेशीसमूह असतो; त्याला अमिग्डाला म्हणतात. समोर आलेली गोष्ट आपल्या दृष्टीने धोक्याची किंवा महत्त्वाची आहे का, याची झटपट नोंद घेण्यात त्याचा मोठा वाटा असतो. कपाळाच्या मागे असलेला मेंदूचा पुढचा भाग, म्हणजे प्रीफ्रंटल कॉर्टेक्स, हा योजना आखणे, हेतू मनात धरून ठेवणे आणि उर्मी आवरणे या कामांसाठी लागतो. मेंदूच्या इतर भागांच्या तुलनेत तो उशिरा, म्हणजे विशीच्या मध्यापर्यंत, पक्व होत जातो. या दोहोंच्या दरम्यान, मेंदूच्या मध्यरेषेलगत, सिंग्युलेट कॉर्टेक्सचा पुढचा भाग आहे; शरीराकडून आणि भावनांकडून येणारे संकेत आणि मनाशी ठरवलेला हेतू यांचा मेळ घालून कोणती कृती पुढे न्यायची हे ठरवण्याशी तो निगडित आहे.

जर्मनीतील बोखुम येथील रुर विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ साली २६४ जणांच्या मेंदूच्या एमआरआय प्रतिमा तपासल्या आणि त्याच लोकांकडून, ठरवलेले काम हाती घेणे त्यांना कितपत जमते, याविषयीच्या प्रश्नावल्या भरून घेतल्या. ज्यांना काम सुरू करणे जड जात होते त्यांच्यात अमिग्डालाचे आकारमान सरासरीने जास्त आढळले, आणि अमिग्डाला व सिंग्युलेट कॉर्टेक्सचा वरचा पुढचा भाग यांच्यातला परस्परसंबंध क्षीण आढळला. संशोधकांनी लावलेला अर्थ असा, की अशा लोकांना कामाच्या वाईट परिणामांची धास्ती अधिक वाटत असावी आणि त्या धास्तीला आवर घालून कृतीकडे वळवणारा दुवा त्यांच्यात कमी पडत असावा.

या निष्कर्षाचा जितका अर्थ आहे तितकाच घ्यायला हवा. अमिग्डाला मोठा म्हणून चालढकल होते, की वर्षानुवर्षांच्या सवयींनी मेंदूत असे फरक पडतात, हे एका वेळी काढलेल्या प्रतिमांवरून सांगता येत नाही. ‘मेंदूत एक आदिम, सरपटणारा प्राणी दडलेला आहे आणि त्याच्यावर विवेकाचा स्वार बसला आहे’ ही भाषणांतून व पुस्तकांतून पसरलेली कल्पना तर टाकूनच द्यावी, कारण मेंदूच्या उत्क्रांतीचा अभ्यास करणाऱ्यांनी असे एकावर एक रचलेले स्वतंत्र थर केव्हाच नाकारले आहेत. भावना आणि विचार यांच्यासाठी लागणारी जाळी एकमेकांत गुंतलेली आहेत, आणि धास्तीविना तर कोणाची कोणतीच कामे वेळेवर झाली नसती.

यात अनुवंशाचाही भाग आहे. अमेरिकेतील कोलोरॅडो येथे जुळ्या भावंडांवर झालेल्या आणि २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, चालढकलीच्या बाबतीत माणसामाणसांत जो फरक दिसतो त्यापैकी सुमारे ४६ टक्के फरक आनुवंशिक घटकांशी जोडता आला, आणि उतावळेपणाशी निगडित असलेले आनुवंशिक घटकही तेच असल्याचे दिसले. टंगळमंगळ आणि उतावळेपणा ही वरवर पाहता दोन टोके वाटतात. परंतु समोर आलेल्या सुखाकडे लगेच वळणे हे दोहोंत समान आहे.

टाळाटाळीची सवय कशी जडते, याचे उत्तर डोपामिनशी संबंधित आहे. डोपामिन या रसायनाला सर्रास ‘आनंदाचे रसायन’ म्हटले जाते, ते फारसे बरोबर नाही. वुल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांवर केलेल्या प्रयोगांतून १९९० च्या दशकात असे दिसले, की फळांचा रस अनपेक्षितपणे मिळाला तर डोपामिनच्या पेशी जोराने प्रतिसाद देतात, मिळणार हे आधीच कळलेले असेल तर रस मिळताना त्या शांत राहतात, आणि अपेक्षित रस मिळाला नाही तर त्यांची क्रिया मंदावते. थोडक्यात, अपेक्षा आणि प्रत्यक्ष यांतले अंतर त्या नोंदवतात आणि पुढच्या वेळी काय करावे हे मेंदू त्यावरून शिकतो. मोबाइलच्या पडद्यावर पुढे काय येईल याचा नेम नसतो, म्हणून तो सोडवत नाही. नकोशा भावनेतून सुटका होणे हेही मेंदूच्या दृष्टीने एक बक्षीसच असते. काम टाळले आणि बरे वाटले असे शंभरदा घडले, की एकशे एकाव्या वेळी टाळण्यासाठी विचारही करावा लागत नाही.

४. लाभ दूर, त्रास जवळ

एवढ्याने अर्धाच उलगडा होतो. टाळाटाळीत तोटा आहे हे कळत असताना तो तोटा माणसाला आज हलवत का नाही, हा प्रश्न उरतोच. एखाद्या लहान टेकाडाच्या पायथ्याशी उभे राहिले तर त्यामागचे कळसूबाईचे शिखरही दिसेनासे होते. शिखर १,६४६ मीटर उंच आहे हे ठाऊक असून उपयोग होत नाही. काळाच्या बाबतीत मन असेच फसते. लाभ जितका दूर, तितकी त्याची आजची किंमत कमी वाटते, आणि ही घसरण सरळ रेषेत होत नाही. जॉर्ज एन्स्ली या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात कबुतरांवरील आणि माणसांवरील प्रयोगांच्या आधारे दाखवले, की लाभ अगदी जवळ आला की त्याची किंमत एकदम उसळी घेते.

एका काल्पनिक उदाहरणाने हे पटकन समजेल. समजा, तीस दिवसांनी एक अहवाल द्यायचा आहे, तो दिल्याचा लाभ ६० गुणांचा आहे आणि लिहायला बसण्याचा त्रास २० गुणांचा आहे. त्रास आजचा, म्हणून तो पूर्ण मोजायचा. लाभ दूरचा, म्हणून त्याला एका भाजकाने भागायचे. हा भाजक आजसाठी १ आणि पुढच्या दर दहा दिवसांच्या अंतरामागे एकाने वाढतो असे धरू. तीस दिवस आधी भाजक ४, म्हणजे लाभाची आजची किंमत १५. ती २० पेक्षा कमी, म्हणून माणूस बसत नाही. वीस दिवस उरले की किंमत २०, म्हणजे मन दोलायमान. दहा दिवस उरले की किंमत ३०, आणि आता तो लिहायला बसतो. दुसरा माणूस अधिक उतावळा, त्याचा भाजक दर तीन दिवसांनीच एकाने वाढतो. त्याच्या लेखी त्याच अहवालाची तीस दिवस आधीची किंमत साडेपाचच्या आसपास असते आणि ती २० वर पोचायला मुदत सहा दिवसांवर यावी लागते. दोघांनाही अहवालाचे महत्त्व सारखेच कळते, पण एकाचे मन वीस दिवस उरले असतानाच दोलायमान होते आणि दुसऱ्याचे सहाच दिवस उरल्यावर.

पॅरिसमधील राफाएल ले बूक आणि मातियास पेसिग्लिओन या संशोधकांनी २०२२ साली याला एक महत्त्वाची जोड दिली. त्यांनी ५१ जणांना मेंदूच्या प्रतिमा घेत असताना, एखादे कष्टाचे काम आज करायचे की पुढे, असे पर्याय दिले. त्यातून दिसले, की दूरचा लाभ जसा कमी वाटतो तसेच दूरचे कष्टही कमी वाटतात, आणि ते किती कमी वाटतात हे माणसागणिक बदलते. मग प्रत्येकाला घरी नेऊन भरायला कागदपत्रे दिली. ती भरून पाठवल्याशिवाय प्रयोगाचे मानधन मिळणार नव्हते आणि मुदत महिन्याची होती. ज्यांच्या मेंदूत, विशेषतः पुढच्या भागाच्या मध्यरेषेलगत, पुढे ढकललेल्या कष्टांची किंमत झपाट्याने घसरत होती, त्यांनीच घरी ती कागदपत्रे अधिक दिवस अडवून ठेवली. उद्या हेच काम हलके जाईल असे त्यांच्या मेंदूला खरोखरच वाटत होते. उद्या उजाडल्यावर उद्याचे आज होते आणि काम पुन्हा तितकेच जड होते, ही गोष्ट त्या हिशेबात धरली जात नाही.

हाल हर्शफील्ड यांच्या संशोधनात याचीच आणखी एक बाजू दिसते. माणूस दहा वर्षांनंतरच्या स्वतःचा विचार करतो तेव्हा मेंदूच्या मध्यरेषेलगतच्या काही भागांतली हालचाल, परक्या माणसाचा विचार करताना होते तिच्याशी मिळतीजुळती असते. उद्याच्या स्वतःवर काम ढकलताना माणसाला संकोच वाटत नाही, त्याचे एक कारण हे असू शकते.

५. इच्छाशक्ती संपते का?

उपायांकडे वळण्यापूर्वी एक समजूत दूर करणे आवश्यक आहे. इच्छाशक्ती हा मर्यादित साठा असून वापरला की तो संपतो, हा सिद्धांत १९९८ पासून फार लोकप्रिय झाला. परंतु २०१६ साली २३ प्रयोगशाळांनी मिळून दोन हजारांहून अधिक व्यक्तींवर तोच परिणाम ताडून पाहिला, तेव्हा तो जवळजवळ शून्य निघाला. ‘आज साठा संपला, उद्या भरलेला असेल’ या सबबीला म्हणूनच फारसा आधार उरलेला नाही.

६. उंबरठा कमी करणे

अहवालाच्या उदाहरणात तीन गोष्टी होत्या: लाभ, अंतर आणि त्रास. लाभ वाढवणे बहुधा हातात नसते. अंतर कमी करता येते. तीस दिवसांच्या अहवालाचा पहिला भाग पाचव्या दिवशी सहकाऱ्याला दाखवायचे कबूल केले, की एक छोटा लाभ एकदम जवळ येतो. पण सर्वांत जास्त वाव आहे तो त्रास कमी करण्यात, आणि तोही नेमका सुरुवातीचा, कारण नकोशी भावना सुरुवातीच्या क्षणी सर्वांत तीव्र असते आणि काम हाती घेतल्यावर ती बहुतेक वेळा ओसरू लागते.

त्यासाठी पहिली पायरी इतकी लहान करावी, की तिला मेंदूने विरोध करण्याजोगे काही उरूच नये. ‘प्रकरण लिहिणे’ हे काम नव्हे, ती कामांची मोळी आहे. तिच्यात संदर्भ शोधणे, रचना ठरवणे, परीक्षक काय म्हणतील ही भीती, सगळेच बांधलेले असते. ‘फाइल उघडून पहिल्या परिच्छेदात काय सांगायचे आहे ते एका ओळीत, वेडेवाकडे का होईना, टाइप करणे’ हे काम आहे. येथे मानवी मनाचा एक जुना गुण मदतीला येतो. बर्लिनमध्ये कुर्ट लेविन यांच्या विद्यार्थिनी मारिया ओव्हसियान्किना यांनी १९२८ साली दाखवले, की अर्ध्यावर थांबवलेले काम माणसे संधी मिळताच, कोणी न सांगता, पुन्हा हाती घेतात. न सुरू केलेल्या कामाला असा ओढा नसतो, तो अर्धवट राहिलेल्या कामाला असतो.

दुसरा उपाय जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांचा. नुसता हेतू आणि प्रसंगाला बांधलेला हेतू यांत त्यांनी फरक केला. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात विद्यार्थ्यांना, नाताळची पूर्वसंध्या कशी घालवली याचा वृत्तांत सुट्टीतच, अठ्ठेचाळीस तासांच्या आत लिहायला सांगितला होता. ज्यांनी तो कधी आणि कोठे बसून लिहायचा हे आधी नमूद केले होते, त्यांच्यापैकी सुमारे तीन-चतुर्थांश जणांनी तो वेळेत लिहिला. ज्यांनी असे काही ठरवले नव्हते त्यांच्यापैकी जेमतेम एक-तृतीयांशांनी. पुढे २००६ साली अशा ९४ चाचण्या एकत्र करून पाहिल्या, तेव्हाही परिणाम चांगलाच ठळक दिसला. ‘या आठवड्यात विम्याच्या कागदांवर वारसाचे नाव घालायचे’ हा नुसता हेतू; ‘शनिवारी सकाळचा चहा झाला, की कप विसळून ठेवायचा आणि तेथेच ओट्याजवळ उभ्याने कपाटातली विम्याची हिरवी फाइल उघडायची’ हा बांधलेला हेतू. दुसऱ्यात निर्णय आधीच घेऊन ठेवलेला असतो, त्यामुळे ऐन वेळी मनाशी घासाघीस करण्याचा प्रसंगच येत नाही. प्रसंग समोर आला की कृती जवळजवळ आपोआप सुरू होते.

मोहाच्या वस्तूही याच न्यायाने हाताळाव्यात. मोबाइल समोर ठेवून न पाहण्याचा निश्चय करण्यापेक्षा तो दुसऱ्या खोलीत ठेवणे सोपे, कारण पहिल्यात दर मिनिटाला जिंकावे लागते आणि दुसऱ्यात एकदाच.

हे उपाय सगळ्यांना पुरतील असे नाही. लहानपणापासून कोणत्याच गोष्टीत लक्ष टिकत नसेल, किंवा आठवडेच्या आठवडे कशातच मन लागत नसेल, झोप आणि भूक बिघडली असेल, तर ते अवधान-अभावाचे किंवा नैराश्याचे लक्षण असू शकते. अशा वेळी मानसोपचारतज्ज्ञांकडे जाणे हेच लांबवू नये असे पहिले काम.

७. अपराधभावाचे काय करायचे

उशीर झाला की स्वतःला फैलावर घेणे हा सर्वांत रूढ उपाय, आणि बहुधा सर्वांत निरुपयोगीही. कारण या प्रकरणात आतापर्यंत जे पाहिले त्यावरून हिशेब सरळ आहे: कामाशी जोडलेल्या नकोशा भावनेमुळे काम टळते, आणि शिव्याशापांनी त्याच कामावर आणखी एक नकोशी भावना चढते. पुढच्या वेळी फाइल उघडताना कंटाळा तर येतोच, शिवाय लाजही वाटते.

कॅनडातील कार्लटन विद्यापीठात मायकेल वोल, टिमोथी पिचिल आणि शॅनन बेनेट यांनी मानसशास्त्राच्या प्रथम वर्षाच्या ११९ विद्यार्थ्यांवर केलेला आणि २०१० साली प्रसिद्ध झालेला अभ्यास याच मुद्द्याचा आहे. पहिल्या परीक्षेच्या अभ्यासात ज्यांनी चालढकल केली होती, त्यांच्यापैकी ज्यांनी त्याबद्दल स्वतःला क्षमा केली, त्यांनी दुसऱ्या परीक्षेपूर्वी कमी चालढकल केली. आणि हा बदल त्यांच्या मनातल्या नकारात्मक भावना कमी झाल्यामुळे घडल्याचे विश्लेषणात दिसले. या संशोधकांच्या अर्थाने क्षमा म्हणजे ‘चालायचेच’ असे म्हणून सोडून देणे नव्हे. चूक झाली, तिने आपलेच नुकसान झाले, हे पुरते मान्य करणे हा तिचा पहिला भाग. आणि ते मान्य करूनही त्या कामाकडे पाठ न फिरवता पुन्हा तोंड वळवणे हा दुसरा. पहिला भाग टाळून केलेली क्षमा ही निव्वळ सबब असते, आणि दुसऱ्या भागापर्यंत न पोचलेला पश्चात्ताप तेच पुस्तक आणखी एक आठवडा बंद ठेवतो.